वणीचे लोकनायक बापूजी अणे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे मंडळाच्या अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते परके नव्हेत. आपण बाजाराला जातो त्या वणीचेच ते.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. त्या काळी आपल्या साऱ्या जिल्ह्यालाच वणी जिल्हा म्हणत. नागपूरला शिक्षण घेऊन ते काही वर्षे अमरावतीला शाळेत शिकवीत होते. नंतर यवतमाळला वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांवर त्यांची अपार भक्ती होती आणि होमरूलच्या चळवळीत ते पुढे होते.

१९१८ साली त्यांनी यवतमाळला ‘लोकमत’ नावाचे पत्र काढले. हे नाव टिळकांनीच सुचविले असे सांगतात. भगिनींनो, तो काळ पहिल्या महायुद्धाचा होता. विलायतेहून येणारा कागद महागला होता. १९१० च्या कायद्याने पत्र काढणाऱ्याकडून सरकार जामिनाची रक्कम मागू शके, आणि १९१५ च्या कायद्याने खटला न चालवता माणसाला अडकवून ठेवता येई. खुद्द टिळकांकडे १९१६ साली भाषणांबद्दल वीस हजारांचा जातमुचलका मागितला होता. तो पुढे हायकोर्टाने रद्द केला. अशा दिवसांत चांगली चाललेली वकिली सांभाळून गप्प बसणे सोपे होते. याच युद्धात बेल्जममधल्या इप्र गावी इंग्रज शिपायांनी पडझडीत सापडलेल्या छापखान्यावर थट्टामस्करीचे पत्र काढले होते. ते त्यांच्या सरकारला चालले. आमच्या माणसाने आपल्या लोकांचे मत छापायचे म्हटले की मात्र जामीन आणि तुरुंग पुढे!

ते पत्र पुढे बंद पडले. यवतमाळच्याच जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुन्हा चालू केले आणि १९७१ पासून नागपूरहून दैनिक निघू लागले. घरोघरी येणाऱ्या त्या पत्राचे मूळ आपल्या जिल्ह्यात आहे, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळले. तोवर मी ते फळ्यांवरच अंथरीत होते.

१९३० सालची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. आपल्याकडे समुद्र नाही, मग मिठाचा सत्याग्रह कसा करणार? बापूजींनी जंगलचा कायदा मोडायचे ठरविले. १० जुलै रोजी पुसदकडे सरकारी रानातले गवत कापून त्यांनी अटक करून घेतली व सहा महिन्यांची शिक्षा भोगली. लहानपणी मी आईबरोबर मोळीला जात असे. रानात खाकी कपडा दिसला की आई मोळी टाकून मला ओढीत नेई. एकदा तर विळाही तिथेच राहिला, त्याचे तिला फार दिवस वाईट वाटले. एका वकिलाने गवतासाठी तुरुंग पत्करला हे मी तिला सांगितले, तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

१९४१ साली बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. देश स्वातंत्र्यासाठी झगडत असता तिथे बसणे अनेकांना रुचले नाही, आणि मलाही ते वाचून जरा खटकले. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असता सरकार त्यांना सोडीना, तेव्हा बापूजींनी त्या पदाचा राजीनामा दिला. पुढे ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी व १९४८ पासून बिहारचे राज्यपाल झाले. म्हातारपणी नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले, वेगळ्या विदर्भासाठी बोलत राहिले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे त्याचे नाव. त्याला १९७३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा बापूजी हयात नव्हते. मला संस्कृत येत नाही, पण ते पुस्तक एकदा हातात घेऊन पाहायचे आहे. कोणा भगिनीच्या घरी असेल तर मंडळात जरूर आणावे.