वाल्देमार हाफकिन

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. हजारो लोक शहर सोडून जात असता एक परदेशी शास्त्रज्ञ मात्र मुंबईस आला. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा नगरीत एका ज्यू कुटुंबात झाला. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा शोध लावणारे मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. तेथे पुढील वाट मिळण्यासाठी धर्म बदलणे आवश्यक होते. ते हाफकिन यांनी नाकारले. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील साधी जागा पत्करून त्यांनी संशोधन चालू ठेवले. १८९२ साली त्यांनी पटकीवरील लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते भारतात आले व त्यांनी हजारोंना ती लस टोचली.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली हीच त्यांची प्रयोगशाळा होती. पोषक रसावर तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि मग उष्णतेने मारीत. असे मृत जंतू रोग आणीत नाहीत. पण शरीर त्यांना ओळखते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि पुढच्या हल्ल्यास सिद्ध राहते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. लस घेतलेल्यांत प्लेगचे रोगी कमी आढळले.

१९०२ साली मात्र मोठा आघात झाला. पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे पुराव्यावरून दिसून आले. अनेक नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले व १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. ते पुन्हा भारतात कामास आले.

परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. आज जालना जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात तान्ह्या बाळाला डांग्या खोकल्याची लस टोचतात, तीतही मृत जंतूच असतात. जी लस लोकांना द्यावयाची, ती आधी स्वतः घ्यावयाची, हा हाफकिन यांचा नेम होता.