विटेला बांधलेली पेन्सिल

सबमिशनच्या आदल्या रात्री कॉपी-पेस्ट कोणी केलेलं नाही? दोन बटणं दाबली की परिच्छेद इकडचा तिकडे! ही सोय आपल्या हातात येण्यामागे ज्यांची मोठी धडपड होती, ते म्हणजे डग्लस एंगलबार्ट.

जन्म ३० जानेवारी १९२५, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. नौदलात रडार तंत्रज्ञ म्हणून ते फिलिपिन्सला गेले. तिथे रेडक्रॉसच्या वाचनालयात वॅनेव्हार बुश यांचा एक लेख त्यांच्या हाती पडला. माहितीचा डोंगर वाढतोय, त्यातून वाट काढायला माणसाला यंत्राची साथ हवी, असा त्याचा सूर. तो विचार त्यांच्या डोक्यात घर करून बसला. पुढे इंजिनीअरिंग, मग बर्कलेतून पीएच.डी. आणि १९५७ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी.

तेव्हा कम्प्युटर म्हणजे आकडेमोडीचं यंत्र. त्यावर लेखन करायचं, हे ऐकून लोक हसायचे. पण १९६२ च्या अहवालात एंगलबार्ट यांनी एका काल्पनिक लेखनयंत्राचं वर्णन केलं. जुना मजकूर उचला, हवा तिथे लावा, पुन्हा सगळं लिहीत बसायला नको. साधन बदललं की विचार करण्याची पद्धतही बदलते, हे पटवायला त्यांनी चक्क पेन्सिल विटेला बांधली आणि लोकांना लिहायला लावलं. हात दुखेल, वेग मंदावेल, मग दुसरा खर्डा लिहायचा उत्साह कुठून येणार?

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत हजारेक तज्ज्ञांसमोर त्यांनी नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. पडद्यावर एक शब्द टाइप केला, त्याच्या पटापट प्रती काढल्या. बाजारहाटाची यादी घेतली आणि त्यातल्या वस्तू हलवून गटवार लावल्या. हातात होता माऊस, त्यांच्याच कल्पनेतून आलेला आणि सहकारी बिल इंग्लिश यांनी घडवलेला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

पण त्यांची प्रणाली शिकायला अवघड होती. आधी आज्ञा द्यायची, मग शब्द दाखवायचा. पुढे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी हा क्रम उलटा केला: आधी मजकूर निवडा, मग काय करायचं ते सांगा. कट-कॉपी-पेस्टचं आजचं रूप तिथलं. एंगलबार्ट यांचे काही साथीदारही त्याच केंद्रात गेले. सत्तरच्या दशकात निधी आटला, प्रयोगशाळा विकली गेली. माऊसचं पेटंट संस्थेच्या नावे असल्याने रॉयल्टीही मिळाली नाही.

ट्युरिंग पुरस्कार मिळाला, पण १९९७ मध्ये. २ जुलै २०१३ रोजी ते गेले.

त्यांना मजकूर हलवायचा होता तो विचार नीट लावून पाहण्यासाठी. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा चिकटवण्यासाठी नाही, बरं का! पुढच्या असाइनमेंटला आपलाच तिसरा परिच्छेद पहिला करून बघा. कदाचित सगळा मुद्दाच बदलेल.