कॉख यांची चूक आणि आपला गोठा

क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे शास्त्रज्ञ म्हणून रॉबर्ट कॉख यांचे नाव पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. त्याच रोगाविषयी त्यांनी केलेली चूक मात्र क्वचितच सांगितली जाते. अर्धापूरसारख्या शेतीप्रधान भागाला वस्तुतः तीच अधिक उद्बोधक आहे.

१८४३ साली जर्मनीतील क्लाउस्टाल येथे जन्मलेल्या कॉख यांनी आडगावी वैद्यकी करीत असतानाच, १८७६ मध्ये, गुरांच्या फाशी रोगाचे कारण सिद्ध केले. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. १८९० मध्ये त्यांनी ट्युबरक्युलिन हे क्षयावरील औषध म्हणून पुढे आणले. ते निष्फळ ठरले. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईस आले होते. १९०५ चे नोबेल पारितोषिकही त्यांना लाभले.

तत्पूर्वी, १९०१ च्या लंडन परिषदेत, गुरांच्या क्षयापासून माणसाला विशेष धोका नाही, असे मत त्यांनी मांडले. एवढ्या अधिकारी पुरुषाचे मत खोडणार कोण? परंतु ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी आयोग नेमला. दहा वर्षांच्या प्रयोगांनंतर, १९११ मध्ये, आयोगाने निर्वाळा दिला की हा रोग माणसाला होतो आणि दुधावाटे मुलांना त्याची विशेष बाधा होते. कॉख त्याआधीच, १९१० मध्ये, निवर्तले होते. दैवाचा खेळ असा, की औषध म्हणून फसलेले त्यांचे ट्युबरक्युलिनच रोगी जनावर ओळखण्याच्या चाचणीसाठी उपयोगी पडले व आजही पडते.

दूध उकळून पिण्याची आपली जुनी सवय हे मोठेच संरक्षण आहे. तथापि धारोष्ण दुधाचे कौतुक अद्याप संपलेले नाही, आणि कोंदट गोठ्यात रोगी जनावराच्या श्वासातूनही संसर्ग संभवतो. तेथे उकळणे कामास येत नाही.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. जनावर रोगी ठरले तर त्याचा लाभ साऱ्या गावाला, तोटा मात्र एकट्या मालकाला. ज्याचा संसार एका म्हशीवर चालतो, तो चाचणी टाळणारच. त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून चाचणीबरोबर भरपाईची हमी हवी. सार्वजनिक हिताची किंमत सार्वजनिक तिजोरीनेच मोजली पाहिजे. कॉख यांच्या चुकीची दुरुस्ती प्रयोगशाळेत केव्हाच झाली. गोठ्यापर्यंत ती पोहोचविणे हे शासनाचे व आपले काम आहे.