विल्यम इवार्ट फेअरबेर्न

विल्यम इवार्ट फेअरबेर्न (२८ फेब्रुवारी, १८८५ – २० जून, १९६०) हे शांघाय म्युनिसिपल पोलीस दलातील ब्रिटिश अधिकारी आणि झुंज व पिस्तूल चालवण्याचे प्रशिक्षक होते. दंगल हाताळण्यासाठी खास पथक उभारणाऱ्या आरंभीच्या पोलीस अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. दुसऱ्या महायुद्धातील कमांडो सैनिकांचे शिक्षक म्हणून आणि त्या सैनिकांच्या दुधारी खंजिराचे सहनिर्माते म्हणून त्यांचे नाव अधिक परिचित आहे. तथापि त्यांच्या आयुष्याची तेहेतीस वर्षे पोलीस सेवेत गेली. शिपायाने स्वतःचा जीव कसा वाचवावा आणि जमावासमोर बळाचा वापर कसा करावा, हे दोन प्रश्न त्या सेवेतच त्यांच्यापुढे उभे राहिले.

== प्रारंभीचे जीवन ==

फेअरबेर्न यांचा जन्म इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील रिकमन्सवर्थ येथे झाला. १९०१ मध्ये, वय पुरते भरलेले नसतानाच, ते रॉयल मरीन्स या नौदलाच्या पायदळात भरती झाले. सेवेचा काही काळ त्यांनी कोरियातील सोल येथे ब्रिटिश वकिलातीच्या रक्षक तुकडीत काढला. पूर्व आशियातील झुंजकलांशी त्यांचा पहिला संबंध तेथेच आला. १९०७ मध्ये सैन्य सोडून ते शांघायच्या पोलीस दलात दाखल झाले.

== शांघाय आणि तेथील पोलीस ==

त्या काळचे शांघाय एकाच सत्तेखाली नव्हते. शहराचा जुना भाग व उपनगरे चिनी प्रशासनाकडे होती, एक भाग फ्रेंचांकडे होता आणि व्यापाराचे केंद्र असलेली आंतरराष्ट्रीय वसाहत परकीय करदात्यांनी निवडलेल्या म्युनिसिपल कौन्सिलच्या ताब्यात होती. या कौन्सिलचे पोलीस दल १८५४ मध्ये स्थापन झाले होते. त्यात ब्रिटिश अधिकारी, चिनी शिपाई आणि १८८० च्या दशकापासून पंजाबातून आणलेले शीख शिपाई होते. पुढे जपानी शिपाईही घेण्यात आले. गुन्हेगार एक रस्ता ओलांडून दुसऱ्या हद्दीत सहज पसार होऊ शके.

पोलिसांच्या कृत्याचा जाब कोणी विचारायचा, हा प्रश्नही या रचनेमुळे गुंतागुंतीचा झाला होता. ब्रिटिश अधिकाऱ्यावर खटला चालवायचा तर तो शांघायमधील ब्रिटिश न्यायालयात चाले. ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे शीख शिपाईही त्याच न्यायालयाच्या कक्षेत येत. चिनी शिपाई मिश्र न्यायालयाच्या अधिकारात होते. कौन्सिलवर संस्था म्हणून दावा लावायचा असल्यास परकीय वाणिज्यदूतांच्या वेगळ्या न्यायालयात जावे लागे. म्हणजे एकाच गोळीबारात सामील असलेली तीन माणसे आणि त्यांना नोकरीस ठेवणारी संस्था निरनिराळ्या न्यायासनांना उत्तरदायी होती. ज्याचा मुलगा रस्त्यावर मारला गेला त्या सामान्य चिनी रहिवाशाला यांपैकी कोणतेही दार सहज ठोठावता येण्यासारखे नव्हते.

== मारहाण आणि झुंजकलेचा अभ्यास ==

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात रात्रीच्या गस्तीवर असताना फेअरबेर्न यांच्यावर टोळक्याने हल्ला केला. त्यात ते इतके जखमी झाले की रुग्णालयातच शुद्धीवर आले. मरीन्समध्ये शिकलेली मुष्टियुद्धाची व संगिनीची विद्या गल्लीतील अंधारात उपयोगी पडली नव्हती. बरे झाल्यावर त्यांनी ओकादा नावाच्या जपानी शिक्षकाकडे जुजुत्सूचे धडे घेतले आणि चिनी झुंजकलांचाही अभ्यास केला. पुढे टोकियोच्या कोदोकान संस्थेकडून त्यांना ज्युदोमधील काळा पट्टा मिळाला व त्यात त्यांनी दुसऱ्या श्रेणीपर्यंत मजल मारली.

या अभ्यासातून त्यांनी स्वतःची पद्धत बांधली आणि तिला 'डिफेंडू' असे नाव दिले. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९२० च्या दशकाच्या मध्यास शांघायमध्ये प्रसिद्ध झाले. १९३१ मध्ये ते 'सायंटिफिक सेल्फ-डिफेन्स' या नावाने पुन्हा निघाले तेव्हा त्याची प्रस्तावना अमेरिकन चित्रपट अभिनेते डग्लस फेअरबँक्स यांनी लिहिली. पद्धतीत नवे डावपेच थोडेच होते. तिचे महत्त्व निवडीत आहे. ज्या शिपायाला प्रशिक्षणासाठी मोजकेच तास मिळतात, ज्याच्या अंगावर जाड गणवेश आहे आणि ज्याला समोरच्या माणसाला शक्यतो जिवंत पकडायचे आहे, त्याला पेलतील एवढेच डाव फेअरबेर्न यांनी ठेवले. मनगट पिळून अटक करणे, गळ्याची पकड सोडवणे, रोखलेले पिस्तूल बाजूला सारणे यांवर त्यांचा भर होता.

== पिस्तूल प्रशिक्षण व शिपायांची सुरक्षा ==

पहिल्या महायुद्धानंतर शांघायमध्ये शस्त्रांचा सुळसुळाट झाला. सशस्त्र दरोडे आणि श्रीमंत व्यापाऱ्यांची खंडणीसाठी अपहरणे वाढली. फेअरबेर्न यांनी व दलाच्या राखीव तुकडीत काम करणारे त्यांचे सहकारी एरिक अँथनी साइक्स यांनी पोलीस आणि गुन्हेगार यांच्यातील चकमकींचा बारकाईने अभ्यास केला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'शूटिंग टू लिव्ह' या त्यांच्या संयुक्त पुस्तकात साडेबारा वर्षांतील ६६६ सशस्त्र चकमकींचा हिशेब आहे. त्यांत ४२ पोलीस ठार व १०० जखमी झाले, तर २६० गुन्हेगार ठार व १९३ जखमी झाले. हे आकडे संपूर्ण दलाचे आहेत; फेअरबेर्न यांच्या वैयक्तिक पराक्रमाच्या कथा सांगताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

या अभ्यासातून निघालेले निष्कर्ष त्या काळच्या नेमबाजीच्या शिक्षणाला छेद देणारे होते. बहुतेक चकमकी अवघ्या काही पावलांच्या अंतरावर, अपुऱ्या उजेडात घडत आणि क्षणार्धात संपत. सरळ उभे राहून, हात लांबवून, माशीवरून नेम धरण्यास तेथे वेळच नसे. भयाच्या क्षणी माणूस वाकतो, शस्त्र घट्ट आवळतो आणि धोक्याकडे तोंड करतो. ही नैसर्गिक हालचाल मोडून काढण्याऐवजी फेअरबेर्न यांनी तिलाच प्रशिक्षणाचा पाया केले. शिपायाने पिस्तूल शरीराच्या मध्यरेषेत उचलून रोखावे आणि लागोपाठ दोन गोळ्या झाडाव्यात, असे ते शिकवीत. सरावासाठी अंधाऱ्या खोल्या, जिने आणि अचानक समोर येणारी लक्ष्ये असलेली जागा तयार करण्यात आली. घरासारख्या रचनेत घेतला जाणारा असा सराव आज जगभरच्या पोलीस दलांत रूढ आहे.

शस्त्र बाळगण्याविषयीचा त्यांचा नियम विशेष लक्षणीय आहे. दलातील कोल्ट पिस्तुलांचा सुरक्षा खटका कायमचा निकामी करून टाकलेला असे, मात्र नळीच्या मागच्या कप्प्यात गोळी भरून पिस्तूल बाळगण्यास मनाई होती. गरज पडल्यावर शिपायाने पिस्तूल काढतानाच वरचा सरकता भाग मागे ओढून गोळी आत घ्यायची. गडबडीत खटका काढला की नाही, या संभ्रमातून सुटका व्हावी हा एक हेतू होता; गर्दीत किंवा पोलीस ठाण्यात चुकून गोळी सुटू नये हा दुसरा. शिपायाचा बचाव आणि आसपासच्या लोकांची सुरक्षितता या दोहोंचा विचार एकाच नियमात साधल्याचे हे क्वचित आढळणारे उदाहरण आहे. याखेरीज छापे घालणाऱ्या शिपायांसाठी गोळीरोधक चिलखते व ढाली वापरात आणण्याचे श्रेयही फेअरबेर्न यांना दिले जाते.

तथापि 'शूटिंग टू लिव्ह'चा रोख गोळी कशी झाडावी यावर आहे. केव्हा झाडू नये याची चर्चा त्यात अत्यल्प आहे. त्या प्रश्नाला शांघायच्या पोलिसांना १९२५ मध्येच सामोरे जावे लागले होते.

== ३० मे १९२५ चा गोळीबार ==

१५ मे १९२५ रोजी शांघायमधील एका जपानी कापड गिरणीत झालेल्या संघर्षात गू झेंगहोंग हा चिनी कामगार गोळी लागून मरण पावला. त्याच्या निषेधार्थ ३० मे रोजी विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय वसाहतीत सभा व भाषणे सुरू केली. काहींना अटक करून नानजिंग रस्त्यालगतच्या लाउझा पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि ठाण्यासमोर मोठा जमाव जमला. ठाण्याचे प्रमुख इन्स्पेक्टर एव्हरसन यांनी शीख व चिनी शिपायांना गोळीबाराचा हुकूम दिला. इशारा आणि गोळीबार यांत काही सेकंदांचेच अंतर होते. त्या कोलाहलात तो इशारा मागच्या लोकांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. किमान नऊ जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले.

परिणाम शांघायपुरते राहिले नाहीत. शहरात सार्वत्रिक संप झाला. ब्रिटिश व जपानी मालावर बहिष्कार पुकारला गेला आणि जूनमध्ये सुरू झालेला हाँगकाँग व ग्वांगझौ येथील संप वर्षाहून अधिक काळ चालला. चिनी राष्ट्रवादी चळवळीच्या इतिहासात ३० मे ही तारीख महत्त्वाची मानली जाते.

चौकशीसाठी अमेरिकन, ब्रिटिश व जपानी अशा तीन न्यायाधीशांचे मंडळ नेमण्यात आले. चिनी पक्षाने त्यावर बहिष्कार टाकला. ब्रिटिश आणि जपानी न्यायाधीशांनी पोलिसांना दोषमुक्त ठरवले. अमेरिकन न्यायाधीश फिनली जॉन्सन यांनी मात्र वेगळे मत नोंदवून, प्रसंग ओढवण्याआधी पुरेशी खबरदारी न घेतल्याबद्दल पोलीस प्रशासनाला जबाबदार धरले. शहरातील तणावाची कल्पना असूनही त्या दुपारी पोलीस आयुक्त केनेथ मॅक्युएन कामावर हजर नव्हते. वर्षअखेरीस मॅक्युएन व एव्हरसन यांचे राजीनामे स्वीकारण्यात आले. कौन्सिलने मृतांच्या कुटुंबांसाठी ७५,००० डॉलर देऊ केले, ते दोष मान्य न करता, केवळ सहानुभूती म्हणून. चिनी पक्षाने ती रक्कम नाकारली.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले. पोलीस प्रशिक्षणाच्या दृष्टीने ते येथून सुरू झाले. लाउझा ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या शिपायांजवळ लाठी आणि बंदूक यांच्या दरम्यानचे कोणतेही साधन नव्हते. कुमक वेळेवर आली नाही, आणि ठाण्यातील शस्त्रागार जमावाच्या हाती पडेल ही एव्हरसन यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. हुकूम देणाऱ्याचा दोष कितीही मोठा असला, तरी त्याच्यापुढील पर्याय आधीच दुसऱ्यांनी कमी करून ठेवले होते.

== राखीव पथक ==

गोळीबारानंतर दंगलीसाठी स्वतंत्र पथक उभारण्याचे काम फेअरबेर्न यांच्याकडे आले. हे राखीव पथक दिवसरात्र सज्ज असे. लाल रंगाच्या खास वाहनातून त्याला शहराच्या कोणत्याही भागात थोड्या वेळात पोहोचता येई. शिपायांना लाठी, ढाल व अश्रुधूर यांचा वापर आणि रांग न मोडता एकत्र हालचाल करणे शिकवले जाई. बंदुका व स्वयंचलित शस्त्रे पथकासोबत असत, पण ती शेवटचा उपाय म्हणून. जमाव वाढण्याआधी पोहोचायचे, त्याला पळण्यासाठी वाट मोकळी ठेवायची आणि सौम्य साधनापासून सुरुवात करायची, ही पुढे सर्वत्र मान्य झालेली तत्त्वे या पथकाच्या कामात दिसतात. अपहरणकर्त्यांच्या अड्ड्यांवरील छापे आणि दडून बसलेल्या सशस्त्र गुन्हेगारांना घेरणे हीसुद्धा पथकाची कामे होती. साइक्स यांनी त्यासाठी दूरवरून अचूक नेम साधणाऱ्यांची तुकडी तयार केली.

हे पथक परकीय सत्तेचे हत्यार होते, हेही तितकेच खरे. ज्यांच्यावर ते चालून जाई त्या चिनी कामगारांना व विद्यार्थ्यांना वसाहतीच्या कारभारात आवाज जवळजवळ नव्हता. कमी माणसे मारून जमाव पांगवता येऊ लागला. जमाव का जमतो, हा प्रश्न मात्र पथकाच्या अधिकारकक्षेबाहेरचा होता. फेअरबेर्न पुढे सहायक आयुक्तपदापर्यंत पोहोचले आणि १९४० मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले.

== दुसरे महायुद्ध ==

त्याच वर्षी फेअरबेर्न आणि साइक्स यांना ब्रिटिश सैन्यात कॅप्टन म्हणून घेण्यात आले. स्कॉटलंडमधील लोकेलॉर्ट येथे त्यांनी कमांडो आणि हेरखात्याच्या माणसांना शिकवले. दोघांनी आखलेला खंजीर १९४० च्या अखेरीस विल्किन्सन स्वोर्ड या कंपनीने बनवण्यास सुरुवात केली. १९४२ मध्ये फेअरबेर्न कॅनडातील 'कॅम्प एक्स' या गुप्त प्रशिक्षण केंद्रात गेले व त्यानंतर अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या कामाबद्दल अमेरिकेने त्यांना 'लीजन ऑफ मेरिट' हा सन्मान दिला.

युद्धकाळातील 'ऑल-इन फायटिंग' हे त्यांचे पुस्तक 'डिफेंडू'शेजारी ठेवून वाचले असता मोठा बदल जाणवतो. पोलिसासाठी लिहिलेल्या पुस्तकात अटक हे उद्दिष्ट होते, सैनिकासाठी लिहिलेल्या पुस्तकात शत्रूला ठार करणे. अनेक डाव तेच आहेत, फक्त ते थांबण्याची जागा बदलली आहे. युद्धानंतर ही विद्या अमेरिकेत त्यांचे विद्यार्थी रेक्स ॲपलगेट यांच्यामार्फत पोलीस दलांत परत गेली. ॲपलगेट यांनी पुढे जमाव नियंत्रणावरही लेखन केले.

== अखेरची वर्षे ==

१९५० च्या दशकात सायप्रस व सिंगापूर येथील पोलिसांना प्रशिक्षण देण्यासाठी फेअरबेर्न यांना बोलावण्यात आले. दोन्ही ठिकाणी ब्रिटिश सत्तेविरुद्ध असंतोष होता आणि शांघायच्या राखीव पथकाचा अनुभव तेथे उपयोगी मानला गेला. २० जून, १९६० रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील वर्दिंग येथे वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.