फादर स्टीफन्स यांचे हरवलेले पुस्तक



जात्यावर ओव्या म्हणणारी आजी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. त्याच ओवीत एका इंग्रज धर्मगुरूने प्रभू येशूची कथा सांगितली. ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. त्या काळी तिथे कॅथोलिक म्हणून राहणे धोक्याचे होते. रोममध्ये १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले. १६१९ मध्ये तिथेच देवाघरी गेले. चाळीस वर्षांतला बहुतेक काळ साष्टीतल्या लोकांत गेला. कोकणीचे व्याकरण लिहिले, पण पुराण रचले मराठीत; जवळजवळ अकरा हजार ओव्या!

हे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. देवनागरी टाइपांसाठी त्यांनी १६०८ मध्येच रोमला पत्र लिहिले होते. पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छपाई झाली. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत सापडत नाही. फादरांच्या हातचे लिखाणही नाही.

ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी तो १९०७ मध्ये छापला. नंतर लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रत आढळली आणि पेच पडला. रोमन प्रतींत जिथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द आहेत, तिथे हिच्यात संस्कृत शब्द! मग फादरांचे स्वतःचे शब्द कोणते? काही अभ्यासक देवनागरी प्रत मुळाजवळची मानतात, तर काहींच्या मते कोणीतरी मागाहून शब्द बदलले. मला वाटते, छापायच्या पुस्तकात वरिष्ठांना चालणारेच शब्द घालावे लागले असतील. पण मनात तेच होते असे कसे म्हणावे? श्रद्धेची गोष्ट आपल्या शब्दांत मावते की नाही, हाच तो प्रश्न आहे.

आपल्या नांदेडच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी पैठणला, एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. मूळ पोथी त्यांच्याही हाती नव्हती. तेव्हा फादर स्टीफन्स गोव्यात येऊन पाच वर्षे झाली होती.

फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ती माझ्याकडे आहे. मिस्सानंतर मागून न्या. भाषा जुनी आहे, म्हणून मोठ्याने वाचा.