चावी न लागणारं घड्याळ: अब्राहम-लुई ब्रेगे आणि सोलर स्मार्टवॉचचा जुना प्रश्न

स्मार्टवॉच घेताना पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: एकदा चार्ज केलं की किती दिवस चालतं? सोलर मॉडेल असेल तर दुसराही ठरलेला: मग चार्ज करावंच लागणार नाही ना?

अडीचशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये बॅटरी नव्हती, पण कटकट तीच होती. खिशातल्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे. ही चावी म्हणजे वेगळी, छोटीशी किल्ली. ती हरवली किंवा विसरली की घड्याळ बंद. ज्या माणसाने या कटकटीवर सर्वात जास्त डोकं चालवलं, त्याचं नाव अब्राहम-लुई ब्रेगे. घड्याळाला ऊर्जा मिळते कुठून, साठते किती आणि तबकडीवर काय काय दाखवायचं, या तिन्ही गोष्टींवर त्याने काम केलं. आजच्या स्मार्टवॉचची बॅटरी किती टिकते, तेही याच तीन गोष्टींवर ठरतं.

ब्रेगेचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजी न्यूशातेल इथे झाला. हे गाव आज स्वित्झर्लंडमध्ये आहे. तेव्हा तिथे प्रशियाच्या राजाची सत्ता होती. तो ११ वर्षांचा असताना वडील गेले. आईने दुसरं लग्न केलं ते घड्याळाच्या व्यवसायातल्या माणसाशी, आणि मुलाची वाट तिथेच ठरली. पंधराव्या वर्षी, १७६२ मध्ये, त्याला फ्रान्समध्ये व्हर्सायला एका घड्याळजीकडे शिकायला पाठवण्यात आलं. दिवसा कानस आणि चिमटा, फावल्या वेळात पॅरिसच्या कॉलेज माझारँमध्ये गणित. त्या काळच्या कारागिरासाठी हे शिक्षण नेहमीचं नव्हतं. १७७५ मध्ये त्याने लग्न केलं आणि सेन नदीच्या बेटावर, के द लोर्लोज या रस्त्यावर स्वतःची कार्यशाळा थाटली. योगायोग असा की त्या रस्त्याच्या नावाचा अर्थच ‘घड्याळाचा धक्का’ असा होतो. पाच वर्षांत पत्नीचं निधन झालं. लहानगा मुलगा आंत्वान-लुई आणि कार्यशाळा, एवढंच मागे राहिलं.

चालण्यावर चालणारं घड्याळ

घालणाऱ्याच्या हालचालीवर घड्याळाने स्वतःच चावी भरून घ्यावी, ही कल्पना ब्रेगेची नाही. १७७० च्या दशकातच स्वित्झर्लंडमध्ये आब्राम-लुई पेरले आणि लिएजमध्ये ह्युबेर सार्तों यांनी तशी घड्याळं केली होती. पहिला मान कुणाचा, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. ब्रेगेचं काम वेगळं होतं. त्याने ही कल्पना रोजच्या वापरात भरवशाची ठरेल इथवर आणली.

त्याच्या या घड्याळांना ‘पर्पेच्युएल’ म्हणत. आत प्लॅटिनमचं एक जड वजन असे, एका टोकाला खिळलेलं आणि नाजूक स्प्रिंगने तोलून धरलेलं. माणूस चालू लागला की प्रत्येक पावलागणिक ते वर-खाली होई आणि त्या हेलकाव्यांनी मुख्य कमान गुंडाळली जाई. प्लॅटिनमच का? खिशात मावणाऱ्या जागेत जास्तीत जास्त वजन हवं म्हणून. हलक्या धातूचं वजन तेवढ्याच पावलांत कमी ऊर्जा गोळा करेल.

मग साठवणीचा प्रश्न. ब्रेगेने कमानीच्या दोन डब्या बसवल्या, म्हणजे पूर्ण भरलेलं घड्याळ न हलता सुमारे ६० तास चालू शके. पण माणूस दिवसभर चालतच राहिला तर? कमान पूर्ण भरल्यावरही वजन तिला ओढत राहिलं, तर काहीतरी तुटणार. त्यावर त्याने एक अडसर योजला: कमान भरली की वजन आपोआप जागच्या जागी अडकतं आणि थोडी ऊर्जा खर्च झाली की पुन्हा सुटतं. आणि तबकडीवर एक छोटा काटा, अजून किती तास शिल्लक आहेत ते दाखवणारा.

यातली प्रत्येक गोष्ट आजच्या सोलर स्मार्टवॉचमध्ये आहे. वजनाच्या जागी काचेच्या कडेला किंवा काचेखाली बसवलेली सोलर पट्टी, कमानीच्या जागी लिथियम बॅटरी, अडसराच्या जागी ती जास्त चार्ज होऊ नये म्हणून पाहणारं सर्किट, आणि छोट्या काट्याच्या जागी टक्केवारी.

दुबळी जागासुद्धा तीच आहे. पर्पेच्युएलला चालणारा मालक हवा. बग्गीतून उतरून खुर्चीत बसणाऱ्या सरदाराच्या खिशात ते घड्याळ कितीसं भरणार? सोलर घड्याळाला तसंच ऊन हवं. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे. म्हणजे उन्हातल्या एका मिनिटाइतका उजेड घरात मिळवायला साधारण तीन ते साडेपाच तास लागतात, आणि घड्याळ बाहीखाली असेल तर तेवढाही मिळत नाही. गार्मिनसारखी कंपनी सोलर मॉडेलचे दिवस सांगते, तेव्हा रोज तीन तास ५० हजार लक्सच्या उजेडात घड्याळ वापरलं जाईल असं गृहीत धरलेलं असतं. शेतात, डोंगरात किंवा सायकलवर दिवस घालवणाऱ्यांसाठी हा आकडा खरा. मेट्रोने ऑफिस गाठणाऱ्यांनी तो स्वतःचा मानू नये.

ब्रेगेचं पहिलं पर्पेच्युएल १७८० मध्ये ऑर्लेआँच्या ड्यूकने घेतलं, दुसरं वर्ष उलटल्यावर १७८२ मध्ये राणी मारी आंत्वानेतने. राणीच्या हातात एखादी वस्तू दिसली की दरबाराला ती हवीच असे. कार्यशाळा नावारूपाला आली.

काय दाखवायचं आणि कधी

ऊर्जा मिळवण्याइतकंच ब्रेगेने दाखवण्याच्या बाजूवरही काम केलं. १७८३ च्या सुमारास त्याने टोकाशी पोकळ चंद्रकोरीसारखं वर्तुळ असलेले बारीक काटे आणले. ते आजही ‘ब्रेगे काटे’ म्हणून ओळखले जातात. पुढे धातूच्या तबकडीवर यंत्राने अतिशय बारीक नक्षी कोरायला त्याने सुरुवात केली. दिसायला ती सजावट वाटते, पण तिचा उपयोग होता: गुळगुळीत चांदीवरची चमक मोडते आणि काटे कुठल्याही उजेडात नीट दिसतात.

अंधारात वेळ कशी कळणार? घड्याळाचं बटण दाबलं की ते तास आणि पाव तास ठोके देऊन सांगायचं. ही सोय आधीपासून होती. ब्रेगेने आतली घंटा काढून तिथे वळवलेल्या पोलादी तारेचं गाँग बसवलं, त्यामुळे घड्याळ पातळ झालं. शिवाय १७९९ मध्ये त्याने असं घड्याळ काढलं, ज्याच्या झाकणावरचा बाण आणि कडेचे उंचवटे बोटांनी चाचपून खिशातल्या खिशात वेळ कळे. भर मैफलीत घड्याळ काढून बघणं तेव्हा असभ्य मानलं जाई. आता मीटिंगमध्ये मनगट उचलणं तसंच मानलं जातं.

यांत्रिक घड्याळात काटे फिरवायला फारशी ऊर्जा लागत नाही. स्मार्टवॉचमध्ये मात्र पडदा हा सर्वात मोठ्या खर्चांपैकी एक असतो. अॅमोलेड पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. तबकडी पांढरी असेल तर जवळपास सगळे ठिपके पेटलेले. काळी असेल तर बहुतेक विझलेले. पडदा सतत चालू ठेवण्याचा पर्याय निवडला की बॅटरीचे दिवस सरळ घटतात. मनगट उचलल्यावरच पडदा पेटणं ही ब्रेगेच्या ठोक्यांचीच रीत: मागितलं तरच सांगायचं. दुसऱ्या प्रकारचा, परावर्तनावर चालणारा पडदा बाहेरच्याच उजेडात दिसतो. त्यावर एकदा उमटलेलं चित्र टिकवायला नाममात्र वीज लागते. रंग फिके असतात, पण उन्हात तो जास्त चांगला वाचता येतो. सोलर स्मार्टवॉचमध्ये बरीच वर्षं हाच पडदा दिसत आला, त्याचं कारण हे. येणारी वीज मुळात थोडी. पडद्यानेच ती खाल्ली तर सोलर पट्टी शोभेपुरती उरते. काट्यांच्या साध्या सोलर क्वार्ट्झ घड्याळाला घरातला उजेडही पुरतो आणि पूर्ण भरलेली अशी कित्येक घड्याळं अंधारात सहा महिने चालतात. त्यांची गरजच तेवढी कमी असते.

राणीची दोन घड्याळं

१७८३ मध्ये राणीच्या रक्षकदलातल्या एका अधिकाऱ्याने ब्रेगेकडे अजब मागणी नोंदवली. राणीसाठी असं घड्याळ, ज्यात त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत असेल. पैशाची मर्यादा नाही, वेळेची नाही. हे घड्याळ क्रमांक १६०: स्वतः चावी भरून घेणारं, मिनिटापर्यंत ठोके देणारं, लीप वर्षं सांभाळणारं कॅलेंडर असलेलं, वर तापमापकही.

ते पूर्ण होण्याआधी क्रांती झाली. १७९२ मध्ये टेम्पलच्या कैदेत असलेल्या राणीने ब्रेगेकडून एक घड्याळ मागवलं, साधं. पुढच्या वर्षी तिचा शिरच्छेद झाला. दरबारी ग्राहकांमुळे ब्रेगेचाही जीव धोक्यात होता. क्रांतिकारक नेता मारा त्याचा मित्र. त्याच्या मदतीने देश सोडण्याचा परवाना मिळाला आणि १७९३ मध्ये ब्रेगे स्वित्झर्लंडला निघून गेला. १७९५ मध्ये परतला तेव्हा कार्यशाळेची दुर्दशा झाली होती आणि जुने ग्राहक मेले किंवा पळाले होते.

त्याला सावरलं ते अगदी उलट टोकाच्या घड्याळाने. एकच काटा, मोठी पांढरी तबकडी, दोन तासांमध्ये पाच-पाच मिनिटांच्या खुणा. ठोके नाहीत, स्वतः भरणारी कमान नाही. चावी रोज द्यायची. चौथा हिस्सा रक्कम आगाऊ घेऊन तो हे घड्याळ करायला घेई, त्यामुळे भांडवलाचाही प्रश्न सुटला. अशी सातशेच्या आसपास घड्याळं विकली गेली. पर्पेच्युएल मात्र त्याने उत्तरायुष्यात फारशी केली नाहीत. करायला अवघड, महाग, आणि शेवटी मालकाच्या पायांवर अवलंबून. चार्जिंगचा चमत्कार शिखराला नेलेल्या माणसाने पुढे कमी भागांचं, कमी दाखवणारं घड्याळ विकून धंदा उभा केला, हे विसरता येत नाही.

प्रयोग थांबले नव्हते. १७९८ मध्ये त्याने ‘सॅंपातीक’ घड्याळ लोकांपुढे ठेवलं. हे टेबलावरचं मोठं घड्याळ. खिशातलं घड्याळ त्याच्या डोक्यावरच्या खाचेत ठेवलं की त्याची वेळ आपोआप बरोबर होई. त्याच्या कार्यशाळेने १८३५ मध्ये केलेल्या तशाच घड्याळात चावीही आपोआप भरली जाई. रात्री चार्जिंग डॉकवर घड्याळ ठेवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. १८०१ मध्ये त्याला तूरबियों या रचनेचं पेटंट मिळालं. १८१० मध्ये नेपल्सची राणी कॅरोलीन म्युरा हिने मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं. केस आणि सोन्याच्या तारेच्या पट्ट्यावरचं हे लांबट घड्याळ १८१२ मध्ये तयार झालं. मनगटी घड्याळाच्या सर्वात जुन्या नोंदींमध्ये त्याची गणना होते.

१८१६ मध्ये ब्रेगे फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. १७ सप्टेंबर १८२३ रोजी पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. क्रमांक १६० तेव्हाही अपुरंच होतं. मुलाच्या हाताखाली ते १८२७ मध्ये पूर्ण झालं, मागणी नोंदवल्यानंतर ४४ वर्षांनी. १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं, २००७ मध्ये परत मिळालं, आणि पारदर्शक स्फटिकाच्या तबकडीतून त्याचं प्लॅटिनमचं वजन आजही दिसतं.