रौप्यकार आदाम व्हान व्हियानेन

इ. स. १७३९ मध्यें वसई जिंकल्यावर मराठ्यांनीं येथून नेलेल्या घंटा महाराष्ट्रांतील कांहीं देवळांत आजहि वाजतात. त्यांवरील क्रूस व सन पाहून त्यांचें मूळ कळतें. कारागीर कोण, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. हॉलंडांत चांदीच्या भांड्यांवर कारागिराचीहि खूण असे. अशाच एका कारागिराचें चरित्र आम्ही येथें वाचकांस सादर करीत आहोंत.

आदामचा जन्म इ. स. १५६८ च्या सुमारास उत्रेख्त शहरीं झाला. त्याचा पिता विलेम हाहि सोनारच होता. त्या काळीं चांदी कसास उतरली म्हणजे भांड्यावर कारागिराच्या मुद्रेशेजारीं शहराचा ठसा व सालाचें अक्षर उमटवीत. परंतु मुद्रेंत बहुधा एकदोन अक्षरें किंवा एखादें चिन्हच असे. आणि एकाच घरांत बाप, भाऊ व मुलगा तोच धंदा करीत. म्हणून मुद्रेचा धनी ठरविण्यास संघाच्या याद्या व चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात.

आदामचा भाऊ पाउलुस परदेशीं गेला, प्रागमध्यें सम्राट् रुडॉल्फच्या चाकरीस राहिला व इ. स. १६१३ मध्यें तेथेंच वारला. पुढल्याच वर्षीं ॲम्स्टरडॅमच्या रौप्यकार-संघानें त्याच्या स्मरणार्थ एक झारी घडविण्याचें काम आदामवर सोंपविलें. त्यानें ती चांदीच्या एकाच पत्र्यांतून ठोकून काढिली. तिच्या तळाशीं माकड बसलेलें असून सर्वांग लाटांप्रमाणें वाहतें भासतें. अडचणीच्या वेळीं चांदी वितळविण्याची जगाची रीत. ही झारी मात्र बचावली व आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयांत आहे.

आदाम इ. स. १६२७ मध्यें निवर्तला. त्याचा पुत्र ख्रिस्तियान इंग्लंडांत राजा चार्ल्ससाठीं काम करूं लागला. लंडनच्या एका संग्रहालयांतील डॉल्फिन माशांच्या नक्षीचें तबक पाहतां शैली पित्याची व आडनांवहि तेंच. परंतु आद्याक्षर वेगळें व साल १६३५! तेव्हां आदामला जाऊन आठ वर्षें लोटलीं होतीं. तें काम पुत्राचेंच.

विंडसरच्या राजमंदिरासाठीं ख्रिस्तियाननें घडविलेली चांदी इ. स. १६४२ मध्यें यादवी युद्धांत लुटली गेली. पुढें १६५० च्या सुमारास त्यानें आराखड्यांचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, तो स्वतःच्या नव्हे, पित्याच्या आराखड्यांचा. चांदी वितळली कीं मुद्राहि तिच्याबरोबर जाते. आदामचें नांव पुत्रानें कागदावर राखून ठेविलें.